सुझॅनाबाईंची घरची शाळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी बावरलेच. मी पडले सातवी पास झालेली बाई. स्वयंपाकपाणी, मुलांचे डबे आणि सासूबाईंची औषधे यांतून लेखणी हाती धरायला सवड मिळते कुठे? पण आमच्या शेजारी एक ख्रिस्ती आजी राहतात. दुपारी निवडणटिपण करताना त्यांच्या तोंडून सुझॅना वेस्ली या विलायतेतल्या बाईची हकीगत मी ऐकली होती. त्यांच्याकडची दोन इंग्रजी पुस्तके त्यांच्या नातीने मला मराठीतून समजावून दिली. ती हकीगत काही केल्या माझ्या मनातून जाईना, म्हणून तीच इथे सांगते.

सुझॅनाबाईंनी राज्य केले नाही, की सभा गाजवल्या नाहीत. त्यांनी एकोणीस बाळंतपणे काढली, नऊ लेकरे तान्हेपणीच मातीआड केली आणि उरलेल्या दहांना घरीच अक्षरओळख करून दिली. त्या दहांतला जॉन आणि चार्ल्स हे दोघे पुढे जगप्रसिद्ध झाले. मेथडिस्ट म्हणून जो ख्रिस्ती पंथ आहे, तो याच भावांपासून सुरू झाला. १८७१-७२ साली विल्यम टेलर नावाच्या पाद्र्यांनी मुंबईत त्या पंथाची मंडळी उभी केली, तेव्हापासून तो आपल्याकडेही आहे.

बाईंचा जन्म लंडन शहरात २० जानेवारी १६६९ रोजी झाला. वडील डॉक्टर सॅम्युएल अ‍ॅन्सली हे मोठे विद्वान पाद्री. १६६२ साली सरकारने उपासनेविषयी जो कायदा केला तो त्यांच्या मनाला पटला नाही, म्हणून त्यांनी आपल्या चर्चमधली जागा गमावली, पण मत सोडले नाही. सुझॅना हे त्यांचे शेंडेफळ, पंचविसावे अपत्य, असे सांगतात. त्या काळी तिकडेही मुलींना शाळा कॉलेज कुठले? पण घरात पुस्तके भरपूर आणि विद्वानांचा राबता. मुलगी ऐकत गेली, वाचत गेली आणि स्वतः विचार करू लागली. तेराव्या वर्षाच्या सुमारास तिने दोन्ही बाजूंचे म्हणणे पडताळून पाहिले आणि वडिलांनी जे चर्च सोडले होते त्याच चर्चमध्ये जायचे ठरवले. आपल्या घरी असे झाले असते तर केवढा गहजब झाला असता! पण वडिलांची माया आटली नाही. पुढे त्यांनी आपली हस्तलिखिते ठेवली तीही या लेकीसाठीच.

१६८८ साली बाईंचे लग्न सॅम्युएल वेस्ली या तरुण पाद्र्यांशी झाले. काही वर्षांनी हे कुटुंब लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी आले आणि पुढचा जवळजवळ सगळा संसार तिथेच झाला. गाव आडबाजूचे, दलदलीच्या मुलखातले. सॅम्युएलसाहेब विद्वान होते, कविता करीत, ग्रंथ लिहीत. पण व्यवहार त्यांना कधी जमला नाही. मिळकत तोकडी, पोरवडा मोठा आणि कर्ज डोक्यावर कायमचे. १७०५ साली तर एका सावकाराच्या तीस पौंडांहून कमी रकमेपायी त्यांना लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जावे लागले. घरी पैसा नव्हता, म्हणून बाईंनी आपल्या अंगठ्या नवऱ्याकडे पाठवून दिल्या. त्यांनी त्या परत पाठवल्या. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपांनी बाईंना विचारले, की तुम्हांला कधी भाकरीवाचून राहावे लागले काय? बाईंनी उत्तर दिले, की अगदी उपाशी कधी राहिलो नाही, पण ती भाकरी मिळवायला आणि तिचे पैसे चुकते करायला इतके कष्ट पडले की कित्येकदा घास गोड लागला नाही. ज्या बाईने महिनाअखेरीस वाण्याचे देणे भागवले असेल तिला या उत्तराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नवराबायकोत मतभेदही होत. १७०१-०२ च्या सुमारास सॅम्युएलसाहेबांच्या लक्षात आले, की आपण घरच्या प्रार्थनेत विल्यम राजाचे कल्याण चिंततो तेव्हा बायको आमेन म्हणत नाही. बाईंच्या मते खरा राजा तो नव्हेच. साहेब रागावले आणि घर सोडून लंडनला निघून गेले. बाईंनी आपले मत बदलले नाही. पुढे तो राजा वारला, घराचा काही भाग आगीत जळाला आणि साहेब परतले. या समेटानंतर १७ जून १७०३ रोजी जॉनचा जन्म झाला.

आता त्यांच्या शाळेविषयी सांगते. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत बाई त्याच्या हाती पुस्तक देत नसत. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा शाळेचा मुहूर्त. आदल्या दिवशी घर आवरून ठेवायचे, सगळ्यांना कामे वाटून द्यायची आणि नऊ ते बारा व दोन ते पाच या वेळात कोणीही त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. त्या सहा तासांत मुलाने सगळी मुळाक्षरे शिकायची. दोन मुली सोडल्या तर सगळ्यांनी ती एका दिवसात शिकली. मॉली आणि नॅन्सी यांना मात्र दीड दिवस लागला, आणि तेव्हा त्या मंद आहेत असे बाईंना वाटले होते. पुढे आपण उगाच तसे समजलो हेही त्यांनी कबूल केले. अक्षरे येताच बायबलातील उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडायचा आणि एक एक शब्द लावीत, एक ओळ चोख आल्याशिवाय दुसरीला हात न लावता पुढे जायचे. निराळे बालबोध पुस्तक नाही. भाषा, वाचन आणि धर्म यांचा श्रीगणेशा एकाच पानावर.

दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. मुलीला नीट, सफाईने वाचता येईपर्यंत तिच्या हाती सुईदोरा द्यायचा नाही. मुलींना वाचन पक्के होण्याआधीच शिवणाला बसवतात, म्हणूनच ऐकावेसे वाटेल असे वाचणाऱ्या बायका इतक्या थोड्या आढळतात, असे बाईंचे मत होते. भगिनींनो, ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या आज्यांच्या काळी पोर सात वर्षांची झाली की कडेवर भावंड आणि हाती केरसुणी ठरलेली असे. मीही सातवीनंतर घरी बसले ती धाकट्या भावंडांना सांभाळायला.

घरातील इतर नियमही ऐकण्याजोगे आहेत. दोन जेवणांच्या मध्ये खाणे नाही. पानात पडेल ते खायचे. भावंडांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही. दादा, ताई म्हणतो तसे भाऊ किंवा बहीण हा शब्द नावाला जोडायचाच. चाकरमाणसांशीही अदबीने बोलायचे. ज्याने आपला अपराध आपण होऊन कबूल केला त्याला शिक्षा नाही. एका चुकीबद्दल दोनदा बोलणे नाही. दिलेले वचन मोडायचे नाही. आणि मुलाने आपल्याला बरे वाटावे म्हणून एखादे काम केले आणि ते बिघडले, तर त्याचा हेतू पाहून आधी कौतुक करायचे व मग गोडीने नीट करायला शिकवायचे.

याच्या जोडीला छडीही होती, हे लपवून ठेवणे बरे नव्हे. वर्षाच्या आत मुलाला छडीचा धाक कळला पाहिजे आणि रडायचे तर हळू आवाजात, अशी त्यांची रीत होती. मुलाची हट्टी इच्छा आधी मोडावी लागते, असे त्या मानीत. हे मला पटत नाही आणि आज कोणा शहाण्या माणसालाही पटणार नाही. पण त्याच बाईंचा धीर पाहा. एकदा सॅम्युएलसाहेब म्हणाले, की त्या ठोंब्याला तीच गोष्ट वीस वेळा सांगायचा धीर तुला होतो तरी कसा? बाई म्हणाल्या, की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर माझे सगळेच कष्ट वाया गेले असते. आपण तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढवतो!

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री मोठा घात झाला. पाद्र्यांच्या घराला आग लागली. बाईंचे दिवस भरत आलेले. त्या जाळातून वाट काढीत कशाबशा बाहेर पडल्या, हातापायांना चटके बसले. मुले मोजली तर जॉन नाही. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभा होता आणि जिना पेटला होता. शिडी आणायला वेळ नव्हता, म्हणून एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने पोराला ओढून घेतले. लगेच छप्पर कोसळले. सॅम्युएलसाहेबांनी शेजाऱ्यांना गुडघे टेकायला सांगून देवाचे आभार मानले. घर गेले तर जाऊ दे, आठही लेकरे वाचली, तेवढ्याने मी श्रीमंत आहे, असे ते म्हणाले. थोरला मुलगा त्या वेळी लंडनला शिकत होता. साहेबांची पुस्तके आणि कागदपत्रे जळाली, आणि बाईंना वडिलांनी दिलेली हस्तलिखितेही त्यांतच गेली.

घर पुन्हा बांधून होईपर्यंत मुले निरनिराळ्या घरी विखुरली. परत आली ती वाईट बोलणी आणि धसमुसळ्या सवयी घेऊनच. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता शाळा भरताना आणि सुटताना स्तोत्र म्हणायचे ठरले. संध्याकाळी पाच वाजता थोरल्याने सर्वांत धाकट्याला जवळ घ्यायचे, दुसऱ्याने त्याच्या वरच्याला, अशा जोड्या करून त्या दिवसाची स्तोत्रे आणि नव्या करारातला एक अध्याय वाचायचा. सकाळीही न्याहारीआधी तसेच, जुन्या करारातून. मोठ्याने धाकट्याला शिकवले की दोघांचेही पक्के होते, हे आपणही अनुभवतो. मुलींसाठी योग्य पुस्तक मिळेना तेव्हा बाई स्वतः लिहावयास बसल्या. आगीनंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या मूळ कलमांचे विवरण सुकी या लेकीसाठी लिहिले आणि आई व मुलगी यांचा धर्मविषयक संवादही लिहून काढला.

आता आपल्या देशाचा संबंध येतो तो ऐका. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झिगेनबाल्ग आणि प्ल्युचाऊ हे दोन तरुण मिशनरी १७०६ साली तमिळ मुलखातल्या तरंगंबाडी येथे उतरले होते. त्यांच्या कामाचा वृत्तांत पुस्तकरूपाने विलायतेत पोहोचला. थोरल्या लेकीला, एमिलीला, तो वडिलांच्या खोलीत सापडला आणि तिने आईला वाचून दाखवला. बाई कित्येक दिवस दुसरे बोलेचनात. त्यांच्या मनाने घेतले, की मी पुरुष नाही, पाद्री नाही, पण माझ्या घरच्या माणसांसाठी आहे त्याहून अधिक काही मला करता येईल. त्यांनी ठरवले, की रोज रात्री एका मुलाशी एकट्याने बोलायचे. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन म्हणजे घरचा जॅकी, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स आणि रविवारी एमिली व सुकी. त्या वेळात पाढे नाहीत की धडे नाहीत. मुलाच्या मनात काय चालले आहे ते ऐकायचे, शंका असतील त्या सोडवायच्या आणि देवाविषयी बोलायचे.

१७११-१२ च्या हिवाळ्यात साहेब लंडनला गेले असताना बाई रविवारी संध्याकाळी मुलांना आणि चाकरांना प्रार्थना व प्रवचन वाचून दाखवीत. शेजारी येऊन बसू लागले. तीसचाळीस होते ते दोनशेच्या वर गेले आणि जागेअभावी कित्येक परत जाऊ लागले. चर्चमध्ये मात्र साहेबांच्या हाताखालच्या इनमन नावाच्या पाद्र्यांसमोर तेवढी माणसे नसत. त्यांनी तक्रार केली आणि साहेबांनी बायकोला लिहिले, की हे बरे दिसत नाही, बंद करावे. बाईंनी उत्तर पाठवले, की नुसते सुचवू नका, तुमची तशीच इच्छा असेल तर स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढे या लोकांचा जाब द्यायची वेळ येईल तेव्हा दोष माझ्याकडे राहणार नाही. आज्ञा आली नाही. सभा साहेब परत येईपर्यंत चालू राहिल्या.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की अशा घरातली सगळी मुले सुखी झाली असतील. तसे झाले नाही आणि चरित्र सांगायचे तर तेही सांगितले पाहिजे. सात मुली इतक्या शिकल्या, पण त्या विद्येला बाहेर वाव नव्हता आणि बहुतेकींची लग्ने दुःखाची झाली. सर्वांत हुशार हेटी. आठव्या वर्षी ती ग्रीक भाषेतला नवा करार वाचू लागली होती, असे सांगतात. ती कविताही सुरेख करी. १७२५ साली ती एका माणसाच्या वचनावर विसंबून घरातून गेली, फसली आणि परत आली. बापाने तिचे लग्न घाईघाईने राईट नावाच्या एका कारागिराशी लावून दिले. नवरा व्यसनी निघाला, बाळे एकामागून एक गेली. वडिलांनी तिला मनापासून क्षमा केली नाही. आईचे मनही त्या वेळी लवकर द्रवले नाही. फक्त जॉन, मॉली अशी भावंडे तिच्या बाजूने उभी राहिली. १७२६ साली जॉनने वडिलांच्या चर्चमध्ये चुकलेल्या माणसाशी कसे वागावे यावर प्रवचन केले. ते आपल्यालाच उद्देशून आहे हे वडिलांनी ओळखले आणि त्यांना राग आला.

मला इथे वाटते, की जिच्यासाठी आईने दर मंगळवारची रात्र राखून ठेवली होती, तिला सर्वांत अधिक गरज पडली तेव्हाच तो मंगळवार मिळाला नाही. शिस्त चांगली, पण लेक चुकली तर तिच्यासाठी दार उघडे ठेवणे हाही आईचाच धर्म.

मात्र त्या रात्रींचे मोल मुले विसरली नाहीत. जॉन ऑक्सफर्डला अध्यापक झाला, तिशीच्या जवळ आला, तेव्हा त्याने १७३२ साली आईला पत्र लिहून विनवले, की लहानपणी गुरुवारच्या संध्याकाळी जो थोडा वेळ तू मला देत होतीस तेवढा आता पत्रातून दे. एवढा विद्वान मुलगा! आईजवळ मागितले काय, तर आपला गुरुवार. त्याच वर्षी त्याच्या आग्रहावरून बाईंनी मुले कशी वाढवली ते लिहून पाठवले. जुलैमधले ते पत्र पुढे जॉनने छापले आणि आजही घरी मुलांना शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबे ते वाचतात. ही रीत कोणी उचलील अशी बाईंना मात्र फारशी आशा नव्हती. त्यासाठी आपल्या उमेदीची वीसेक वर्षे द्यावी लागतात, असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

१७३५ साली सॅम्युएलसाहेब वारले. घर चर्चचे असल्यामुळे सोडावे लागले आणि बाई आधी एमिलीकडे व मग इतर मुलांकडे राहिल्या. अखेरची वर्षे त्या लंडनमध्ये जॉनजवळ होत्या. तिथे मॅक्सफील्ड नावाचा एक साधा, पाद्री नसलेला तरुण प्रवचन करू लागला म्हणून जॉन संतापला, तेव्हा आईनेच त्याला थांबवले, की आधी त्याचे ऐकून घे आणि मग ठरव. जॉनने ऐकले आणि मान्य केले. २३ जुलै १७४२ रोजी बाईंनी देह ठेवला. जॉन आणि मुली खाटेभोवती होत्या. माझा प्राण गेला की रडू नका, देवाच्या स्तुतीचे स्तोत्र म्हणा, असे त्यांनी सांगून ठेवले होते आणि मुलांनी तसेच केले. बनहिल फील्ड्स या लंडनच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. एपवर्थचे ते घर आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे. चार्ल्सने सहा हजारांवर भक्तिगीते लिहिली आणि जॉन १७९१ साली वारला, तोवर गावोगाव हिंडत राहिला.

भगिनींनो, आपण आपली मुले शाळेत पाठवतो आणि ते योग्यच आहे. सुझॅनाबाईंसारखी सहा तासांची शाळा घरी चालवणे आपल्याला जमणार नाही, आणि त्यांची छडी तर मुळीच घ्यायला नको. पण आठवड्यातली एक संध्याकाळ एका मुलासाठी राखून ठेवायला सातवी पास असणेही लागत नाही. मी गेल्या चैत्रापासून माझ्या धाकटीसाठी बुधवार ठेवला आहे. टीव्ही बंद, मोबाइल फडताळात, आणि आम्ही दोघी मागच्या पायरीवर. पहिले दोन बुधवार ती गप्पच बसली. तिसऱ्या बुधवारी तिने मला एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहिण्याजोगी नाही, पण मी ऐकली नसती तर पुढे मला फार पस्तावावे लागले असते. थोरल्याने परवा विचारले, की माझा वार कोणता? त्याला मी शनिवार दिला आहे.